बहिणाबाईंचं 'आभाय' दुरुस्त करायचं का?

सावदेकरीण

मंडळी, एक सल्ला हवा आहे. विषय छोटा वाटेल, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

माझी लेक सहावीत आहे. आम्ही पुण्यात राहतो, माहेर सावद्याचं. शाळेत काव्यपाठाची स्पर्धा होती. तिनं बहिणाबाईंची 'मन' ही कविता निवडली. मी शिकवली नाही, माझ्या आजीनं फोनवरून शिकवली. आजीचं वय चौऱ्याऐंशी. रोज संध्याकाळी पणजी आणि पणती अर्धा तास फोनवर. एक कडवं पाठ झालं की पुढचं.

स्पर्धेत ती छान म्हणाली. दुसरा नंबर आला, पुढच्या फेरीसाठी निवडही झाली. पण परीक्षक बाईंनी कागदावर लिहून दिलं, 'उच्चार अशुद्ध, आभायात नव्हे आभाळात म्हणावे, ण चा उच्चार सुधारावा.' घरी आल्यावर लेक मला म्हणाली, "आई, म्हणजे पणजी चुकीचं बोलते का?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढची फेरी दोन आठवड्यांवर आहे. तिनं 'आभायात' म्हणावं की 'आभाळात'?

---

पानकळा

आभायात. नंबर गेला तर जाऊ द्या.

---

खडू_फळा

ताई, मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडते. रागावू नका.

स्पर्धेच्या गुणपत्रिकेत 'उच्चार' असा रकाना असतो आणि त्याला गुण असतात. परीक्षकांनी तो रकाना भरला. सहावीच्या वयात मुलांचं प्रमाण मराठीच अजून पक्कं नसतं. वर्गात 'बाळ'चं 'बाल' आणि 'कमळ'चं 'कमल' करणारी मुलं निम्म्याहून जास्त असतात. त्यांना 'ळ' शिकवताना माझा घसा सुकला आहे. अशा वेळी कुणी 'आभाय' म्हटलं की परीक्षकाला ती चूक वाटणारच. बाईंचा हेतू वाईट नसणार.

माझा व्यवहारी सल्ला: 'आभाळात' म्हणू द्या. बहिणाबाईंचा विचार मोठा आहे, एका अक्षरानं तो लहान होत नाही.

---

रात्रपाळी

हा अहिराणी भाषेचा अपमान आहे! बहिणाबाई अहिराणीत लिहायच्या हे परीक्षकांना ठाऊक नसावं याचंच आश्चर्य वाटतं.

---

तापीकाठ

रात्रपाळीदादा, तुमच्या भावनेशी सहमत, पण दोन दुरुस्त्या.

एक, बहिणाबाई लिहायच्या नाहीत. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या गायच्या.

दुसरी, ती अहिराणी नव्हे. हा गैरसमज इतका पसरलाय की आमच्याकडचीही माणसं तसंच सांगतात. अहिराणी म्हणजे धुळे, अमळनेर, चाळीसगाव, बागलाण या पट्ट्याची बोली. तिथे 'आहे'ला 'शे' म्हणतात, 'माझं-तुझं'ला 'मनं-तुनं'. आता बहिणाबाईंच्या ओळी आठवा. 'माझी माय सरसोती, माले शिकवते बोली.' यात 'मनी माय' आहे का? 'शे' कुठे सापडतं का? त्यांची बोली जळगाव, भुसावळ, यावल, रावेरकडची. कुणी तिला लेवा गणबोली म्हणतं, कुणी तावडी. बहिणाबाई आसोद्याच्या महाजनांची लेक, जळगावच्या चौधऱ्यांची सून. घरात, शेतात जी बोली चाले तीच गाण्यात आली.

'माले, तुले, त्याले' हे 'ले' दोन्हीकडे आहे, म्हणून लोकांची गल्लत होते. 'ळ'चा 'य' ही आमच्या बोलीची मोठी खूण. डोया, काया, केयी, मया, आभाय. आमच्या घरी आजही केळीच्या बागेला 'केयीचा मया' म्हणतात.

सावदेकरीणताई, तुमच्या आजी चुकीचं बोलत नाहीत. बहिणाबाई जसं बोलल्या तसंच बोलतात. महाराष्ट्रात ती कविता त्यांच्याइतकी बरोबर म्हणू शकणारी माणसं आता किती उरली असतील!

---

अकोट_फाटा

'ळ'चा 'य' तुमची एकट्यांची खूण नाही हो तापीकाठ :) आमच्या वऱ्हाडातही डोया आणि कायाच. माझी आई 'शाळेत'ला 'शायेत' म्हणायची. पहिल्यांदा 'मन वढाय' वाचली तेव्हा मला ती आमच्याच गावच्या बाईची वाटली होती.

---

तापीकाठ

मान्य. खूण एकट्यांची नाही.

---

मोगरा_फुलला

मला बहिणाबाई फार आवडतात. त्यांचा 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' हा अभंग आमच्या भजनी मंडळात नेहमी होतो. तो त्यांनी कधी रचला?

---

तापीकाठ

मोगरा, त्या वेगळ्या बहिणाबाई. तो अभंग संत बहिणाबाईंचा, तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या. आपण बोलतोय त्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० च्या नागपंचमीचा, मृत्यू ३ डिसेंबर १९५१. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर. नावामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, तुम्ही एकट्या नाही.

---

बांधावरून

मी शेतकरी माणूस, तालुका जामनेर. कवितेतलं मला फार कळतं असं नाही, पण 'वढाय' कळतं. तेवढंच सांगतो.

ओढाळ ढोर म्हणजे नुसतं पळणारं ढोर नव्हे. एकदा का उभ्या पिकाची चटक लागली की ते ढोर पोट भरलेलं असलं तरी पिकातच शिरतं. गव्हाणीत हिरवा चारा टाका, ते तोंड लावणार नाही. बांध ओलांडून ज्वारीत जाईल. दगड मारा, काठी घाला, दहा पावलं पळेल, मान वळवून बघेल आणि पुन्हा फिरेल. बहिणाबाईंनी म्हटलंय ना, 'किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर.' ते 'फिरी येतं' ज्यानं गुरं राखलीत त्यालाच दिसतं. असल्या ढोराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधतात. चालताना ते पुढच्या पायांवर आपटतं, म्हणून पळता येत नाही. आमची एक तांबडी गाय लोढण्यासकट पिकात जायची.

मी दहा वर्षांचा असताना तीच गाय माझी नजर चुकवून शेजारच्यांच्या दादरात, म्हणजे रब्बी ज्वारीत शिरली. त्यांनी तिला कोंडवाड्यात घातली. वडिलांनी पैसे भरून सोडवून आणली. मला बोलले नाहीत, पण रात्री जेवले नाहीत. पुढे शाळेत ही कविता आली तेव्हा गुरुजी मनाचा चंचलपणा वगैरे समजावत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ती तांबडी गाय उभी होती. 'उभ्या' शब्दाला फार वजन आहे. उभं पीक म्हणजे वर्षाची कमाई अजून घरी यायची आहे. मन तिथे शिरतं, जिथे नुकसान सगळ्यात जास्त.

आता मुद्द्याचं. 'वढाय' म्हणजे वढाळ, ओढाळ. तोही 'ळ'चाच 'य' आहे. परीक्षक बाईंना 'आभायात' खटकलं, मग पहिल्याच ओळीतला 'वढाय' कसा चालला? दुरुस्त करायचं तर 'मन ओढाळ ओढाळ' म्हणावं लागेल. म्हणून बघा बरं.

---

पानकळा

बांधावरून काका, हे वाचून अंगावर काटा आला. 'वढाय'मधला 'ळ' माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. मला तो वेगळाच शब्द वाटायचा.

---

खडू_फळा

काका, इतकी वर्षं ही कविता शिकवली आणि 'वढाय'चा अर्थ 'चंचल' असा फळ्यावर लिहून दिला. लोढण्याबद्दल मला आज कळलं. तुमचा मुद्दा बिनतोड आहे. 'ओढाळ ओढाळ' मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, नाही जमत.

---

शेवंतीची_वाट

'नाही जमत' याचं कारण मात्र छंद नाही. छंदात दोन्ही बसतात. 'मन वढाय वढाय' आठ अक्षरं, 'मन ओढाळ ओढाळ' आठच. 'आभायात' चार, 'आभाळात' चार. यमकही मोडत नाही. 'मया म्हनू नही'च्या खाली 'डोया म्हनू नही' येतं, तिथे 'मळा' आणि 'डोळा' केलं तरी जुळतंच. म्हणजे बोली काढली तर कविता तांत्रिकदृष्ट्या कुठेच तुटत नाही. तरी काहीतरी जातं, आणि जे जातं ते कानाला कळतं.

आता एक शंका काढते, ती वाद म्हणून घेऊ नये. आपण ज्याला बहिणाबाईंची बोली म्हणतो ती छापील पुस्तकात तरी एकसारखी कुठे आहे? 'झोका झाडाले टांगला' इथे 'ले' आहे. पण 'आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर' इथे 'हाताला' आहे, 'हाताले' नाही. आणि 'मिळते'मध्ये 'ळ' शाबूत आहे, 'मियते' नाही. गाणी त्यांनी गायली, कागदावर दुसऱ्यांनी उतरवली. उतरवणारे सोपानदेव चौधरी स्वतः कवी होते. मग या कवितांत आईचा आवाज किती आणि मुलाची लेखणी किती?

---

तापीकाठ

शंका रास्त आहे. ती पहिल्यापासून घेतली गेली आहे. 'निरक्षर बाई असं रचेलच कसं, मुलानंच लिहून आईच्या नावावर केलं असेल,' असं म्हणणारेही होते.

माझं मत सांगतो. लिहून घेणाऱ्याच्या हातून थोडं प्रमाण मराठी शिरलं असेल, ते नाकारायचं कारण नाही. शाळा शिकलेला हात 'हाताला' लिहून जातो. पण सोपानदेवांच्या स्वतःच्या कविता वाचा. त्या संस्कृत वळणाच्या, शिकलेल्या माणसाच्या आहेत. त्यांत कपाशीचं बोंड उलत नाही. 'बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनू नही' असं म्हणायला कपाशी वेचलेली बोटं लागतात.

शिवाय गाणी एकट्या सोपानदेवांनी टिपली नाहीत, त्यांच्या मावसभावानंही टिपली. जी टिपली गेली नाहीत ती शेतात, घरोटावर गायली आणि तिथेच राहिली. आपल्या हातात आहे ते उरलेलं.

सोपानदेवांनी सांगितलेली एक आठवण. ते शाळेत होते तेव्हा पुस्तकात सावित्री-सत्यवानाची गोष्ट होती. ती त्यांनी आईला सांगितली. सकाळी उठून पाहतात तर आईनं रातोरात त्या गोष्टीचं गाणं केलेलं. लहान सोपानदेव ते वहीत उतरवत गेले. पुढे आई गेल्यावर ही गाणी त्यांनी आचार्य अत्र्यांना दाखवली. हे बावनकशी सोनं महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, असं अत्र्यांनी त्यांना बजावलं, आणि १९५२ साली पुस्तक आलं. बाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. आपलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही.

छापखान्यावर मात्र त्यांचं गाणं आहे. 'मानसापरी मानुस राहतो रे येडजाना, अरे होतो छापीसनी कोरा कागद शहाना.' अक्षर न वाचणाऱ्या बाईनं छापखाना पाहून हे म्हटलं. 'छापीसनी' म्हणजे छापून. माझ्या लेखी त्या एका 'छापीसनी'त आईच्या आवाजाचा पुरावा आहे.

---

शेवंतीची_वाट

'छापीसनी' मान्य. शंका निम्मी मागे घेतली. निम्मी ठेवते, कारण ती पुस्तकाबद्दल आहे, बाईंबद्दल नाही.

---

जुनी_रेडिओवाली

आम्हा मुंबईकरांना बहिणाबाई भेटल्या त्या रेडिओवर. 'मानिनी' चित्रपट १९६१ चा, संगीत वसंत पवारांचं. 'अरे संसार संसार' लागलं की आमच्या चाळीत बायका पोळपाट-लाटणं थांबवायच्या. नंतर उत्तरा केळकरांच्या आवाजातली, यशवंत देवांच्या चालीतली गाणी आली. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ही सिनेमासाठी लिहिलेली गाणी आहेत. त्यामागे एक खरी बाई आहे, ती आदल्याच दशकात जळगावात वारली, हे फार उशिरा कळलं.

---

भरीतवाला

आसोद्याचं नाव निघालं आणि भरिताबद्दल कुणीच बोललं नाही!! आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर आणि भरिताच्या वांग्याचंही माहेर. हिरवी पांढरट, हातभर वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची. सोबत कळण्याची भाकरी.

---

पानकळा

बामणोदची वांगी जास्त चांगली.

---

भरीतवाला

हे युद्ध वेगळ्या धाग्यावर लढू. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात दोघंही आले. बहिणाबाईंनी चूल, तवा, घरोट सगळ्यांवर गाणी केली, भरितावर केलेलं गाणं असेल तर ते न टिपलेल्यांत गेलं, याचं मला मनापासून दुःख आहे.

---

दळण_कांडण

घरोट म्हणजे जातं, हे नवीन वाचकांसाठी सांगते.

माझी सासू यावलची. घरात गिरणीचं पीठ येत होतं तरी ती सणाला थोडं तरी घरोटावर दळायची. मी नवी सून, समोर बसायचे. खुंटा दोघींच्या हातात. ती ओळ म्हणायची, मी ओढायचे. काही दिवसांनी लक्षात आलं, ओळ संपते तिथेच हात वळतो. आठ अक्षरांत घरोटाचा फेरा पुरा होतो. शेवंतीताईंनी आठ अक्षरं मोजली, ती आमच्या हातांना न मोजता ठाऊक होती.

बहिणाबाई स्वतःच सांगतात गाणं कसं होतं ते. 'अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी, तसं तसं माझं गानं पोटातून येतं व्होटी.' वरून दाणे पडतात, मध्ये दगड फिरतो, खालून पीठ. लिहायला बसून केलेली ही कविता नाही. त्यामुळे 'गाणं'चं 'गानं' हा ताईंच्या लेकीचा दोष कसा ठरतो?

---

एकटी_पणती

मी इथे सहसा लिहीत नाही, नुसती वाचते.

माझी आई बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. आम्ही तीन भावंडं. बहिणाबाई तिशीत विधवा झाल्या, त्यांचीही तीन मुलं, ओंकार, सोपान आणि काशी. आईला हे माहीत होतं. ती फार शिकलेली नव्हती, पण 'लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली' एवढ्या दोन ओळी तिला पाठ होत्या. आमच्याकडे एक ज्योतिषी यायचा, मुलांचं भविष्य सांगतो म्हणून. एकदा आईनं त्याला दारातच हात जोडले आणि म्हणाली, "माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ." तो माणूस परत कधी आला नाही. आम्हाला वाटलं आईचंच वाक्य. पुढे पुस्तकात वाचलं.

आम्ही नगरचे. आमची बोली 'माले' नाही, 'कये' नाही. तरी आईनं ती ओळ 'माझं दैव मला कळे' अशी म्हटली नाही. तिनं बहिणाबाईंची ओळ होती तशी उचलली आणि दारात उभी राहिली.

---

खडू_फळा

एकटी_पणती, तुमच्या आईंना नमस्कार.

सावदेकरीण, माझा पहिला सल्ला मी मागे घेते. मला 'ळ'ची काळजी होती आणि ती खरी आहे, पण तिची जागा व्याकरणाच्या तासाला. तुमच्या लेकीनं 'ळ' म्हणता येत नाही म्हणून 'य' म्हटलेला नाही. परीक्षकाला हे दोन वेगळे आहेत हे कळायला हवं, आणि ते कळावं म्हणून एक करता येईल. कविता म्हणण्याआधी अर्धा मिनिट प्रस्तावना द्यायला बहुतेक स्पर्धांत परवानगी असते. तिनं तेवढंच सांगावं, ही कविता जळगावकडच्या बोलीत आहे, या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, मी ती माझ्या पणजीकडून शिकले आहे.

आणि मी पुढच्या वर्षी 'मन' शिकवताना फळ्यावर लोढणं काढणार आहे.

---

बांधावरून

बाई, लोढण्याचा फोटो पाठवतो. आमच्या गोठ्यात अजून टांगलेलं आहे.

---

सावदेकरीण

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

काल रात्री लेकीला हा सगळा धागा वाचून दाखवला. तांबड्या गायीपाशी ती खूप वेळ थांबली. मग तिनं स्वतःच आजीला फोन लावला आणि विचारलं, "पणजी, आपल्याकडे वढाय ढोर होतं का?" आजी म्हणाली, "व्हतं ना. तुह्या आजोबाच्या आजोबाचा गोऱ्हा व्हता." आणि त्या गोऱ्ह्याच्या गोष्टी पाऊण तास चालल्या. मी आजवर त्यातली एकही ऐकली नव्हती.

प्रस्तावना खडू_फळा बाईंनी सांगितली तशीच देणार आहे. वाक्यं तिची तिनं लिहिली आहेत. 'आभायात'च म्हणणार. आजीचं एक म्हणणं आहे की ती 'हाकला हाकला' फार हळू म्हणते. ढोर पिकात असताना इतकं हळू कुणी हाकत नाही. तेवढी तयारी चालू आहे.

---

बांधावरून

आजी बरोबर सांगतात. पहिला 'हाकला' जोरात, दुसरा दमलेला. तोवर माणूस शेताच्या अर्ध्यात पळून आलेला असतो.